पार्श्वभूमी : रुपेरी अ‍ॅम्प 'काळा' करण्याची गोष्ट

फेंडर या अमेरिकन कंपनीचा सत्तरच्या दशकातला, ट्यूबवर (व्हॅक्यूम नळ्यांवर) चालणारा गिटारचा अ‍ॅम्प हाती लागला की पहिला सल्ला येतो, 'ब्लॅकफेस करून घे, आवाज उघडेल.' पण त्यात नेमकं काय बदलायचं हे दोन मेकॅनिकांना विचारलं, तर दोन वेगळी उत्तरं मिळतात. घोळ या शब्दातच आहे. ब्लॅकफेस म्हणजे बटणांची पट्टी काळी असलेले आधीचे अ‍ॅम्प, आणि 'ब्लॅकफेस करणं' म्हणजे नंतरच्या रुपेरी पट्टीच्या अ‍ॅम्पाचं सर्किट त्यांच्यासारखं करून घेणं.

१९६३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनच्या कारखान्यात काळ्या पट्टीचे अ‍ॅम्प बनू लागले. ट्विन रिव्हर्ब, सुपर रिव्हर्ब, डिलक्स रिव्हर्ब या सगळ्यांच्या आराखड्यावर एबी७६३ हा क्रमांक होता, म्हणजे जुलै ६३. जानेवारी १९६५ मध्ये कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरला एका बड्या प्रसारण समूहाकडे गेली. मालक बदलला आणि आवाज बिघडला, ही लोकप्रिय कथा इथूनच सुरू होते.

तारखा मात्र या कथेला साथ देत नाहीत. विक्रीनंतर दोन वर्षांहून जास्त काळ तीच काळी पट्टी आणि तेच सर्किट चालू होतं. रुपेरी पट्टी १९६७ च्या अखेरीस आली आणि सुरुवातीच्या कित्येक रुपेरी अ‍ॅम्पांच्या पोटात जुनंच सर्किट आहे. बदललेले आराखडे मे १९६८ चे. त्यामुळे पट्टीच्या रंगावरून आवाज ठरवणं हा त्या अ‍ॅम्पांवर अन्यायच आहे.

मग १९६८ मध्ये बदललं काय? ट्विनसारख्या मोठ्या अ‍ॅम्पांत पॉवर ट्यूबच्या कॅथोडला १५० ओहमचे रेझिस्टर लागले. फेज इन्व्हर्टरचे (पॉवर ट्यूबच्या दोन बाजूंना एकमेकांच्या उलट सिग्नल देणाऱ्या भागाचे) प्लेट रेझिस्टर आधी एका बाजूला ८२ आणि दुसऱ्या बाजूला १०० किलोओहम होते, ते दोन्हीकडे ४७ झाले. बायस (पॉवर ट्यूबमधून किती करंट वाहावा हे ठरवणारा व्होल्टेज) कमी-जास्त करणारं पोट, म्हणजे फिरवायचं नियंत्रण, गेलं आणि दोन बाजूंचा तोल साधणारं आलं. त्यामुळे न जुळणाऱ्या ट्यूबही खपू लागल्या. शिवाय ६एल६ या पॉवर ट्यूबच्या ग्रिडवरून चासीला (धातूच्या सांगाड्याला) जाणारे छोटे चकतीसारखे कपॅसिटर आले.

सगळा वाद याच चकत्यांवर पेटतो. एक बाजू म्हणते, हा हिशेबनीसांचा कारभार. दुसरी म्हणते, अ‍ॅम्प ठणठणीत आणि स्वच्छ वाजावा म्हणून इंजिनिअरांनी केलेली ही सुधारणा. माझं मत विचाराल तर उत्तर चासी उलटी केली की दिसतं. काळ्या पट्टीच्या अ‍ॅम्पात कापडी वेष्टनाच्या तारा पत्र्याला चिकटून, शिस्तीत बसवलेल्या असतात. नंतरच्या अ‍ॅम्पांत प्लॅस्टिकच्या तारा हवेत कमानी करून एकमेकींवरून जातात. अशा तारांमुळे कानाला ऐकूच न येणारं ऑसिलेशन (सर्किटचं आपोआप होणारं कंपन) सुरू होतं आणि ट्यूब उगाच तापतात. चकत्या ते ऑसिलेशन जमिनीत सोडतात, पण सोबत थोडी चमकही घेऊन जातात. म्हणून तारा नीट न बसवता नुसती चकती कापणं म्हणजे ताप न उतरवता थर्मामीटर फेकणं.

प्रिन्स्टन रिव्हर्ब या फेंडरच्या छोट्या अ‍ॅम्पाला 'ब्लॅकफेस' करण्याचा सल्ला देणाऱ्यांनी तर आधी आराखडा उघडून पाहावा. तिथे काळ्यात आणि रुपेरीत फरक नावापुरताच. डिलक्समध्येही फार नाही. तरी 'ब्लॅकफेस' करून आणलेला डिलक्स छान वाजतो, कारण त्या निमित्ताने पन्नास वर्षांचे सुकलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलले जातात. ती दुरुस्ती आहे, मॉड (सर्किटात मुद्दाम केलेला बदल) नव्हे. बिलावर मात्र मॉड लिहिलं जातं.

दुसऱ्या टोकाला १९७७ नंतरचा १३५ वॅटचा ट्विन आहे. त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मरच अल्ट्रालिनिअर, म्हणजे पॉवर ट्यूबच्या स्क्रीनसाठी (आतल्या एका जाळीसाठी) वेगळे टॅप असलेला. तो बदलल्याशिवाय तिथे 'ब्लॅकफेस' हा शब्द वापरूच नये.

मॉड करण्याची हौस मात्र या वादाहून जुनी. साठच्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एका दुरुस्तीवाल्याने छोट्या प्रिन्स्टनच्या खोक्यात मोठे ट्रान्सफॉर्मर आणि १२ इंची स्पीकर बसवला आणि त्यातून पुढे अ‍ॅम्पांचं नवं घराणंच उभं राहिलं. तो मॉड नव्या आवाजाच्या शोधात झाला होता. ब्लॅकफेसिंग हा परतीचा प्रवास आहे.

आपल्याकडे आलेल्या अमेरिकन अ‍ॅम्पांना आणखी एक अडचण. ते ११७ व्होल्टचे, म्हणून व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. शिवाय सुटे भाग ज्यावर बसवलेले असतात तो आतला फायबरचा काळा बोर्ड दमट हवेत ओल धरतो आणि मुंबई-गोव्यात अ‍ॅम्प कारण नसताना खरखरतो. लोक सर्किटला दोष देतात, बोर्ड कोणी तपासत नाही. टोन राहू दे, दोन पिनांची वायर आणि चासीला जोडलेला मेन्सचा कपॅसिटर आधी काढा. त्या कपॅसिटरला मेकॅनिक 'डेथ कॅप' (जीवघेणा कपॅसिटर) म्हणतात ते उगाच नाही.

अलीकडे बाजार उलटला आहे. २०१३ च्या सुमारास रुपेरी पट्टी नव्या मॉडेलांवर परत आली आणि हात न लागलेल्या जुन्या रुपेरी अ‍ॅम्पांचा भाव वाढला. जाणते मेकॅनिक आता काढलेला प्रत्येक रेझिस्टर आणि प्रत्येक चकती छोट्या पिशवीत घालून खोक्याच्या आत चिकटवून देतात. अ‍ॅम्प विकायला काढला की गिऱ्हाईक आधी ती पिशवी मागतं.