प्रभूची प्रार्थना कुठे संपते?

जानेवारीतल्या ख्रिस्ती ऐक्य सप्ताहात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मंडळी एकत्र प्रार्थनेला बसली की हमखास एक गोंधळ होतो. येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’, सगळे एका सुरात म्हणतात. ‘वाइटापासून सोडव’ आलं की कॅथलिक थांबतात आणि प्रोटेस्टंट पुढे जातात : कारण राज्य, सामर्थ्य व गौरव ही सर्वकाळ तुझीच आहेत. जाणकार माणसं खाली बघून आमेनची वाट पाहतात. नागपूरसारख्या शहरात, जिथे १८८७ पासून कॅथलिक धर्मप्रांत आहे आणि १९०३ पासून अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतला, हे नवं नाही. पण या एका ओळीमागे सुमारे एकोणीसशे वर्षांचा इतिहास आहे.

ही प्रार्थना शुभवर्तमानांत, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या बायबलातल्या पुस्तकांत, दोनदा येते : मत्तयात आणि लूकमध्ये. लूकच्या अकराव्या अध्यायात ती आखूड आहे आणि तिथे ही ओळ नाहीच. प्रश्न मत्तयाचा. चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन सर्वात नावाजलेल्या ग्रीक हस्तलिखितांत मत्तयाची प्रार्थना ‘वाइटापासून सोडव’वरच संपते. जेरोम या प्राचीन ख्रिस्ती विद्वानाच्या लॅटिन भाषांतरातही ती ओळ नाही, म्हणून लॅटिन परंपरेत वाढलेले कॅथलिक तिथे थांबतात. नंतरच्या असंख्य ग्रीक प्रतींत मात्र ती आहे. इरास्मस या विद्वानाने १५१६ मध्ये ग्रीक नवा करार छापला तो अशाच उशिराच्या प्रतींवरून, आणि तिथून ती १६११ च्या इंग्रजी बायबलात आली. १८८१ च्या सुधारित इंग्रजी आवृत्तीने तिला समासात नेलं. बायबल सोसायटीच्या मराठी आवृत्तीत ती चौकटी कंसात दिसते.

कंस दिसला की काही जण लगेच म्हणतात, ‘म्हणजे ही ओळ खोटी!’ हा निकाल घाईचा आहे. ‘दिदाखे’ नावाचं मंडळीच्या आचाराचं एक फार जुनं पुस्तक १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडलं. त्यात हीच प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणायला सांगितली आहे, आणि शेवटी ‘सामर्थ्य आणि गौरव सर्वकाळ तुझंच’ अशी जोड आहे. ‘राज्य’ अजून आलेलं नाही. म्हणजे लोक ती ओळ उपासनेत म्हणत होते. बहुधा नकलकारांच्या ओठांवर ती इतकी बसली होती की मत्तयाची नक्कल करताना हातून आपसूक उतरली. तिचे शब्दही उसने वाटतात ते जुन्या करारातल्या ‘पहिला इतिहास’ या पुस्तकाच्या २९ व्या अध्यायातून, दाविदाच्या स्तुतीतून. आपल्याकडे अभंगांच्या हस्तलिखितांत कीर्तनकारांच्या तोंडचे पाठभेद शिरले, तसंच हे. पोथी एकीकडे आणि उपासना दुसरीकडे असं ठेवून बायबलचा अर्थ लावायला गेलं की नेमकी ही जागा निसटते.

नागपुरात ही दोन टोकं फार जवळून दिसतात. १८४५ मध्ये इथे आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. त्या परंपरेत वचनावर भर, सणवारांवर काट. स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुटी सुरू झाली तीच मुळी १९५८ मध्ये! सदरमधल्या ऑल सेंट्स कॅथीड्रलची अँग्लिकन परंपरा याच्या उलट : आगमनकाळ (नाताळाआधीचे आठवडे), उपवासकाळ (ईस्टरआधीचा), पुनरुत्थानाचे दिवस, प्रत्येकाचे ठरलेले पाठ. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक यांची वाट तिसरीच. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. मत्तयातल्या येशूच्या पर्वतावरील प्रवचनाने ते भारावले, ते कुठल्याही उपासनेविना. प्रभूची प्रार्थना त्याच प्रवचनात आहे.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, ते नागपुरातच. स्कॉटिश वारसा आणि अँग्लिकन वारसा एका छपराखाली आले. तो दिवस आगमनकाळाचा पहिला रविवार होता, म्हणजे मंडळीच्या वर्षाचा पाडवा. बरोबर एक वर्ष आधी, १९६९ च्या आगमनकाळापासून, कॅथलिकांची नवी पाठमालिका, म्हणजे उपासनेत वाचायच्या उताऱ्यांचा ठरलेला क्रम, लागू झाली होती : एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक. त्याच सुधारणेत मिस्सामध्ये, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत, ‘राज्य, सामर्थ्य, गौरव’ ही ओळही आली. फक्त ‘सोडव’नंतर धर्मगुरू आधी एक छोटी प्रार्थना म्हणतात, मग लोक ती म्हणतात.

पाठमालिकेने कोणता उतारा कुठे ठेवला आहे, यानेही अर्थ बदलतो. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी मत्तयाचा सहावा अध्याय वाचतात, पण सातवी ते पंधरावी वचनं गाळून. उरतात दान, प्रार्थना, उपास, आणि तिन्ही गुपचूप करण्याची ताकीद. गाळलेली प्रार्थना कॅथलिक मिस्सात पुढच्या मंगळवारी येते आणि तिच्या आधी यशयाचा ५५ वा अध्याय : पाऊस आणि हिम आकाशातून पडतं आणि जमीन भिजवल्यावाचून परत जात नाही, तसं माझं वचन. नागपुरात तेव्हा उन्हाचा चटका लागायला लागलेला असतो, हिमाचं तर नावच नको. पण हा पाठ आधी ऐकला की प्रार्थनेतलं ‘तुझी इच्छा पूर्ण होवो’ निमूट शरणागतीसारखं वाटत नाही, हक्काच्या मागणीसारखं वाटतं.