झुंजाररावाच्या हातातला दिवा

शोकांतिका उभी करायची तर आधी अंधार करता आला पाहिजे. आमच्या बेळगाव भागातल्या नाटकवाल्यांना हा अंधार फार उशिरा हाती लागला.

अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. बेळगावच्या हायस्कुलात गोविंद बल्लाळ देवल त्यांच्या हाताखाली शिकले आणि 1879 नंतर तिथंच शिक्षक झाले. याच देवलांनी 1890 साली शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंजारराव’ हे नाटक उभं केलं. मूळ नाटकाच्या शेवटी बायको पलंगावर झोपलेली आहे आणि नवरा तिला मारायला हातात दिवा घेऊन आत येतो. दिवा विझवला तर पुन्हा लावता येईल, हिचा प्राण मात्र पुन्हा पेटणार नाही, हे कळत असूनही तो पुढं सरकतो. शेक्सपिअरच्या काळी लंडनच्या उघड्या नाट्यगृहांत खेळ दुपारचे असत. हातात दिवा दिसला की प्रेक्षकांनी रात्र समजायची.

आपल्याकडे खेळ रात्रीचा, पण उजेड तसाच सपाट. गॅसबत्त्या सुंसुं करत सगळीकडं सारख्याच जळायच्या, लग्नाचा प्रवेश असो की खुनाचा. राजवाडा, रस्ता, बाग, जंगल असे पडदे गुंडाळून गावोगाव न्यायचे. रस्त्याच्या पडद्यापुढं दोन पात्रं बोलत राहायची, तेवढ्यात मागं पलंग मांडून व्हायचा. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी 1910 ते 1916 या काळात रंगवलेल्या पडद्यांचं फार नाव झालं. ती कलाकुसर मोठीच, पण कापडावर रंगवलेल्या खांबाची सावली दिवा कुठंही नेला तरी हलत नाही, आणि शोकांतिकेला हलणारी सावली लागते. स्विस नेपथ्यकार अडॉल्फ आपिया युरोपात हेच सांगत होता: नट हाडामांसाचा, मग त्याच्याभोवती चौथरे आणि पायऱ्या हव्यात, आणि प्रकाश बदलता हवा. 1912 मध्ये मॉस्कोत इंग्रज नेपथ्यकार गॉर्डन क्रेगनं उंच, सरकत्या, कोऱ्या चौकटींवर ‘हॅम्लेट’ उभा केला.

आमच्याकडं हे सगळं पोचलं ते मिठाच्या पाण्यातून. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या जत्रेत मी लहानपणी पाहिलेला डिमर, म्हणजे दिव्याचा उजेड कमीजास्त करायचं साधन, असा: चिनीमातीचा उभा नळ, त्यात मीठ घातलेलं पाणी, तळाशी एक पत्रा आणि वर सळीला बांधलेला दुसरा. सळी खाली सोडली की पत्रे जवळ येत, वीज जास्त वाहे आणि दिवा उजळे. सळी वर ओढली की दिवा मंद. पाणी तापून वाफ यायची. एकाच जागी उजेड टाकणारा स्पॉट म्हणजे डालड्याच्या डब्यात बसवलेला बल्ब. हे सगळं धोक्याचं होतं, आणि तरी त्या सळीवर बसलेल्या माणसाला मी आजही नटाइतकाच मान देतो.

रंगमंचावर फुंकर मारायची आणि विंगेत सळी उचलायची, हे एकाच क्षणी व्हावं लागे. तालमीत नट ओरडायचा, “मामा, हळू ओढा, ती अजून झोपल्या!” मग मामा श्वास रोखून सळी बोटाबोटानं वर घ्यायचे. पलंगावरचा उजेड आधी तिच्या पायांवरून सरायचा, मग हातांवरून. चेहऱ्यावरचा शेवटी.