प्रवाळांची टाकी दूरच्या गावी नेताना दगड धुऊ नयेत
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

बदली झाली किंवा नवे घर घेतले म्हणून छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड या भागांतील आमचे ग्राहक आपली छोटी खाऱ्या पाण्याची टाकी गाडीतून पुण्याला किंवा नागपूरला नेतात. निघण्यापूर्वी ते पाण्याविषयी पुष्कळ विचारतात. पोहोचल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मात्र मासे वर येऊन धापा टाकत आहेत, झोआंथिड (फुलांसारखे उघडणारे प्रवाळवर्गीय जीव) उघडत नाहीत, असे फोन येतात. चौकशी केली की बहुतेक वेळा एकच कारण निघते, ते म्हणजे सामान बांधताना टाकीतील दगड नळाखाली घासून धुतलेले असतात.

घर बदलताना प्रत्येक वस्तू धुऊन-पुसून बांधण्याची आपल्याकडे रीत आहे, त्यामुळे दगडावरचा तपकिरी थर पाहून हात शिवशिवणे स्वाभाविक आहे. परंतु माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून निघणाऱ्या विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट व पुढे नायट्रेट करणारे जिवाणू पाण्यात फारसे नसतातच. ते दगडाच्या पृष्ठभागाला आणि छिद्रांना चिकटून राहतात, आणि त्यांची वसाहत पुरेशी वाढण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आणि गोड्या पाण्याचा एकाएकी बसणारा धक्का यांमुळे त्यांतील बरेच मरतात. त्याबरोबर दगडातील बारीक किडे आणि स्पंज हे जीवही मरतात व नव्या जागी कुजू लागतात. म्हणजे अमोनिया संपवणारी व्यवस्था जेव्हा बंद पडते, नेमक्या त्याच वेळी अमोनियाची भर वाढते. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसते, मग त्याने धुतले तर काय बिघडते, असे अनेकदा विचारले जाते. बोअरचे पाणीही समुद्राच्या पाण्याच्या मानाने गोडेच असते, म्हणून तेही चालत नाही.

दगड निर्जंतुक करण्यासाठी त्यावर उकळते पाणी ओतणे तर जिवावर बेतू शकते. काही झोआंथिडांमध्ये, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते. गरम पाण्याच्या वाफेबरोबर ते श्वासात गेल्यास घरातील सर्वांना रुग्णालय गाठावे लागू शकते. असे दगड हाताळताना हातमोजे घालावेत आणि ते कधीही ब्रशने घासू नयेत.

दगड धुणारे हेच ग्राहक जुने पाणी मात्र कॅनमध्ये भरून शेवटच्या थेंबापर्यंत जपून नेतात, याचे आम्हाला फार वाईट वाटते, कारण त्या श्रमाचा लाभ थोडा असतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते आणि त्याचे वजन ५७ किलोच्या वर जाते. त्यापैकी निम्मे नेले तरी पुरते. उरलेले आरओ पाण्यात मीठ मिसळून, रिफ्रॅक्टोमीटरवर (क्षारता मोजण्याच्या उपकरणावर) दर हजारी ३५ ची क्षारता पाहून, नव्या घरी तयार करता येते. गाडीतील ती जागा दगडांना द्यावी. दगड घट्ट झाकणाच्या बादलीत टाकीच्याच पाण्यात बुडवून न्यावेत. ज्या दगडांवर प्रवाळ नाही ते जागेअभावी त्याच पाण्यात भिजवलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळून नेले तरी काही तासांच्या प्रवासात ओल टिकते आणि जिवाणू वाचतात. गाळ फारच बसला असेल, तर काढून ठेवलेल्या जुन्या खाऱ्या पाण्यात दगड हलवून घ्यावा. फिल्टरमधील स्पंज आणि सिरॅमिक रिंगांनाही हाच नियम लागू आहे. वाळूचे तसे नाही. तिच्या तळाशी साचलेली घाण ढवळली गेली की अमोनिया आणि कधी सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू पाण्यात उतरतो, म्हणून वाळू भरपूर धुवावी किंवा नवी घालावी.

पाणी-दगडांसह टाकी उचलून गाडीत ठेवण्यास आम्ही नकार देतो, याचा काही जणांना राग येतो. पाण्याच्या हेलकाव्यांनी सिलिकॉनच्या जोडांवर ताण येतो आणि एखादा दगड घसरला तर काच जाते, म्हणून टाकी रिकामीच न्यावी. माशांना निघण्यापूर्वी २४ तास खाद्य देऊ नये. पाकिटात एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन असावा. लेदर प्रवाळ चिकट स्राव सोडते, त्यामुळे ते स्वतंत्र पाकिटात ठेवावे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा पहाटे निघावे, आणि जेवायला उतरताना गाडी बंद करून उन्हात उभी करू नये, कारण थर्माकोलचा डबाही ती उष्णता फार वेळ थोपवू शकत नाही. पोहोचल्यावर आधी दगड आणि पाणी घालून पंप सुरू करावा, तापमान २५-२६ अंशांवर स्थिर झाले की प्रवाळ सोडावेत आणि मासे सर्वांत शेवटी.

आमच्याकडे केवळ मऊ प्रवाळ का मिळतात, हेही येथे सांगणे योग्य होईल. सांगाडा बांधणारी सर्व दगडी प्रवाळे, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. दगडही आम्ही मानवनिर्मित देतो, समुद्रातून उचललेले देत नाही. असा कोरा दगड जिवंत होण्यास, म्हणजे त्यात जिवाणूंबरोबर बारीक किडे आणि स्पंजही वसण्यास, महिने लागतात, म्हणून तो धुतला गेल्याचे नुकसान पैशांत मोजता येत नाही.

स्थलांतरानंतर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याचे दिसेपर्यंत आम्ही नवा मासा विकत नाही. ही चाचणी दुकानात विनामूल्य करून मिळते, आणि दूर गेलेल्या ग्राहकांनी टेस्ट किटमधील रंगाचे छायाचित्र पाठवले तरी चालते. टाकी सोडवून बांधून देण्याचे शुल्क आम्ही घेतो, कारण त्या कामाला अर्धा दिवस जातो. त्यात झाकणाच्या बादल्या, थर्माकोलचे डबे आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप परतीच्या बोलीवर दिला जातो. निघण्याच्या किमान चार दिवस आधी कळवावे, म्हणजे नव्या पाण्यासाठी लागणारे मीठ मोजून देता येईल. ऑक्सिजनची पाकिटे मात्र निघण्याच्या दिवशीच भरली जातील, आणि उन्हाळ्यात त्यासाठी दुकान पहाटे पाच वाजता उघडले जाईल.