तात्पुरती आणि कायमची फाइल-लिंक

ऑटोमेशनमध्ये, म्हणजे आपोआप चालणाऱ्या कामांत, एका टप्प्यावर तयार झालेली फाइल पुढच्या टप्प्याकडे किंवा थेट माणसाकडे सोपवण्यासाठी दोन प्रकारच्या लिंक वापरतात. तात्पुरती लिंक ठरलेल्या मुदतीनंतर उघडत नाही. कायमची लिंक फाइल हलवेपर्यंत किंवा परवानगी काढून घेईपर्यंत चालते. दोन्हींतली निवड बहुधा प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या सोयीने होते. ती व्हायला हवी फाइल सर्वांत शेवटी कोण आणि कधी उघडणार आहे, यावरून.

तात्पुरत्या लिंकच्या पत्त्यातच फाइलचे नाव, लिंक बनल्याची वेळ, मुदत आणि गुप्त किल्लीने केलेली डिजिटल सही असते. पत्त्यातली मुदत हाताने वाढवली तर सही जुळत नाही आणि सर्व्हर नकार देतो. पासवर्ड मात्र कुणी विचारत नाही. सीएसएमटीच्या प्लॅटफॉर्म तिकिटासारखेच हे: वेळ छापलेली, नाव नाही, ज्याच्या हाती तो आत. अशी एकच लिंक मध्येच रद्द करणेही अवघड असते. सही करणारी किल्ली बंद केली, की तिच्यावरच्या बाकीच्या सगळ्या लिंकही मरतात.

मुदती सेवेप्रमाणे बदलतात. अ‍ॅमेझॉन एस-थ्री आणि गुगल क्लाउड स्टोरेज या फाइल साठवण्याच्या सेवा जास्तीत जास्त ७ दिवस देतात, ड्रॉपबॉक्सची तात्पुरती लिंक ४ तास चालते, नोशन या नोंदी ठेवण्याच्या सेवेतल्या फाइलची १ तास. व्हॉट्सअ‍ॅपच्या क्लाउड एपीआयकडून (प्रोग्रामने संदेश घेण्या-पाठवण्याची सोय) आलेली फोटोची लिंक तर ५ मिनिटांत संपते, म्हणून फोटो लगेच उतरवून आपल्याकडे ठेवावा लागतो. एस-थ्रीमध्ये एक फसवा बारकावा आहे. सही तात्पुरत्या ओळखपत्रावर (प्रोग्रामला थोड्या वेळापुरती मिळालेली किल्ली) केली असेल, तर लिंकवर ७ दिवस लिहिले असले तरी ओळखपत्र संपले की लिंक संपते. सकाळी तपासताना सगळे ठीक दिसते, संध्याकाळी तक्रारी येतात.

मुंबईतल्या गृहनिर्माण सोसायट्यांची मेंटेनन्सची बिले हे याचे रोजच्या व्यवहारातले उदाहरण. बोरिवलीतल्या एखाद्या सोसायटीची पीडीएफ बिले १ तारखेला सकाळी आपोआप बनतात आणि त्यांची तासाभराची लिंक सदस्यांना जाते, असे समजा. सदस्य ती उघडणार रात्री, चर्चगेटहून परतताना. त्याला बिलाऐवजी ४०३ या ‘परवानगी नाही’ सांगणाऱ्या कोडचा नकार आणि ‘रिक्वेस्ट हॅज एक्स्पायर्ड’ अशी ओळ दिसते, आणि तो सेक्रेटरीला फोन लावतो. मुदत ७ दिवसांची केली तरी भागत नाही. हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते, वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते, आणि तोवर ऑडिटरला जुनी बिले लागतात.

मग लिंक सरळ सार्वजनिक आणि कायमची केली तर? पत्त्यात फ्लॅट नंबर असेल तर १०१ चे १०२ करून शेजाऱ्याची थकबाकी वाचता येते. (थकबाकीदारांची यादी लिफ्टशेजारी चिकटवणाऱ्या सोसायट्यांना याचे फारसे काही वाटत नाही, ही गोष्ट वेगळी.) शिवाय दर महिन्याची फाइल त्याच नावाने चढवली, तर जुन्या लिंकवर नवे बिल उघडते, लिंक शाबूत, मजकूर मात्र बदललेला.

व्यवहारात चालते ती मधली वाट. सदस्याला न बदलणारा पत्ता द्यायचा. तो उघडला की आधी लॉगिन तपासायचे आणि त्या क्षणी काही मिनिटांची ताजी लिंक बनवून तिकडे वळवायचे. गुगल शीटमध्ये किंवा डेटाबेसमध्ये सही केलेली लिंक कधीच साठवू नये, फाइलची ओळख, म्हणजे तिचे नाव किंवा क्रमांक, साठवावी. नाहीतर शुक्रवारी रात्री अडकलेले काम सोमवारी पुन्हा चालवले, की ते त्याच मेलेल्या लिंकवर धडका मारत राहते, आणि कितीही रीट्राय केले तरी ४०३ काही हटत नाही. मुदतीआधी सुरू झालेले डाउनलोड पूर्ण होते. मध्ये रेंज जाऊन मुदतीनंतर पुन्हा सुरू करावे लागले, तर होत नाही.

दोन मशीनमधल्या हस्तांतरासाठी तासाभराची लिंक पुरते, पण रांगेत काम किती वेळ थांबू शकते ते आधी मोजावे. सोसायटीचा लोगो किंवा कोरा नॉमिनेशन फॉर्म यांना मुदतीची गरजच नाही. मात्र ते कुणा कर्मचाऱ्याच्या खासगी ड्राइव्ह खात्यात असतील, तर त्याने नोकरी सोडून खाते बंद केले की या कायमच्या लिंकही बंद होतात.