चिलखती वाहन मागवण्यापूर्वी: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

वेर्णा येथील आमच्या कार्यशाळेत बँका, सराफ आणि रोकड वाहतूक संस्थांसाठी चिलखती वाहने बांधली व दुरुस्त केली जातात. ‘पोलिसांच्या गाडीसारखी करून द्या’ ही मागणी आमच्याकडे नेहमी येते. परंतु पोलीस आणि सैन्य यांची जवानवाहू वाहने एकाच जातीची नसतात.

२६/११ च्या हल्ल्यानंतर मुंबई पोलिसांच्या ताफ्यात आलेली महिंद्र मार्क्समन ही मुख्यतः गोळीबारापासून बचाव करणारी, शहरी रस्त्यांवर सहज वळणारी गाडी आहे. दक्षिण आफ्रिकेत विकसित झालेल्या कॅस्पिरचा खाली निमुळता होत गेलेला उंच तळ मात्र सुरुंगाच्या स्फोटाचा दाब दोन्ही बाजूंना वळवण्यासाठी आहे. गोळी आणि सुरुंग हे वेगळे धोके असल्यामुळे नाटोच्या ४५६९ क्रमांकाच्या मानकात त्यांच्या श्रेण्याही स्वतंत्र असून, सुरुंगाच्या दुसऱ्या श्रेणीत ६ किलो आणि चौथ्या श्रेणीत १० किलो स्फोटकाचा आघात गृहीत धरलेला असतो. अहिल्यानगरच्या वाहन संशोधन व विकास संस्थेने टाटा समूहासह घडवलेले आठ चाकांचे वाहन तर पाण्यातूनही जाते. मडगावहून पणजीला रोकड नेणाऱ्याने सुरुंगरोधक तळासाठी पैसे मोजू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कवचाची खरी किंमत वजनात मोजावी लागते. पत्रा जाड केला की दारांच्या बिजागऱ्या, स्प्रिंगा, टायर आणि ब्रेक यांवरचा भार वाढतो, आणि चोर्ला घाट उतरताना तो चालकाला पहिल्यांदा जाणवतो. म्हणून दरपत्रकात केवळ पोलादाची जाडी न पाहता, प्रवासी व मालासह होणारे एकूण वजन मूळ चासीच्या मर्यादेत बसते का, हे लेखी मागावे. कठीण केलेले पोलाद वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाजवळ मऊ पडते. त्यामुळे प्रत्येक सांध्यामागे आतून दुसरी पट्टी असावी लागते. कॅमेरा किंवा दिवा बसवण्यासाठी बाहेरच्या कोणत्याही गॅरेजमध्ये कवचाला भोक पाडून घेऊ नये.

गोळीरोधक काचेत काचेचे अनेक थर आणि आतल्या बाजूला, तुकडे अंगावर उडू नयेत म्हणून, पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे चिवट पारदर्शक प्लास्टिकचा, थर असतो. गोव्याच्या दमट हवेत कडेने ओल शिरली की थर सुटू लागतात, काचेच्या काठाशी बुडबुडे किंवा दुधाळ डाग दिसतात, आणि अशी काच घासून सुधारत नाही, बदलावीच लागते. आतला थर थिनर किंवा अमोनियायुक्त द्रावणाने पुसल्यास त्यावर बारीक तडे जातात. सौम्य साबणाचे पाणी आणि मऊ कापड पुरेसे आहे. वास्को, मुरगावकडे फिरणाऱ्या गाड्यांचा तळ पावसाळ्याच्या आधी आणि नंतर गोड्या पाण्याने धुऊन गंजासाठी तपासावा, कारण कवचामागे साचलेले खारे पाणी बाहेरून दिसत नाही.

नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार परस्पर करता येत नाही. त्यामुळे काम ठरवण्यास येताना नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आणि भरलेल्या गाडीची वजनकाट्याची पावती सोबत आणावी.