निळ्या सीरममधलं तांबं

भाचीने परवा ड्रेसिंग टेबलावर एक छोटी बाटली ठेवली. आतला द्रव गडद निळा. आई चष्मा लावून बघून म्हणाली, "अगं, मोरचूद फासतेस की काय तोंडाला?"

आईचा तर्क फार चुकीचा नव्हता. मोरचुदाचा निळा आणि या सीरमचा निळा, दोन्ही तांब्याच्या आयनाचेच. पण मोरचुदातलं तांबं पाण्यात मोकळं सुटतं आणि मोकळं तांबं पेशींना सोसत नाही. द्राक्षबागेत मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारून डाउनी रोगाला आवरतात ते याच जोरावर. सीरममध्ये मात्र ग्लायसिन, हिस्टिडिन आणि लायसिन या तीन अमिनो आम्लांच्या तुकड्याने तांब्याला धरून ठेवलेलं असतं. याचं नाव जीएचके-कॉपर. लेबलवर 'कॉपर ट्रायपेप्टाइड-१'. शाळा-कॉलेजात बाययुरेट टेस्ट केली असेल तर ही पकड तुम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. अंड्याच्या पांढऱ्यात कॉस्टिक सोडा आणि मोरचूद पडलं की जांभळा रंग येतो, कारण प्रथिनातले नायट्रोजन तांब्याला कवटाळतात.

जीएचके आपल्या रक्तातच असतं. लॉरेन पिकार्ट या अमेरिकी संशोधकाने १९७३ मध्ये ते वेगळं काढलं. त्याच्या मोजणीनुसार विशीत मिलिलिटरला सुमारे २०० नॅनोग्रॅम, साठीत ८०. शिवाय हाच तीन मण्यांचा तुकडा त्वचेला बळकटी देणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाच्या साखळीतही ओवलेला आहे. जखम झाली, कोलॅजेन तुटलं, की तो मोकळा होऊ शकतो. म्हणजे मोडलेल्या भिंतीनेच गवंड्याला हाक मारावी तसं. १९८८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांना दिसलं की अगदी नगण्य मात्रेतही तो त्वचेच्या फायब्रोब्लास्ट पेशींकडून जास्त कोलॅजेन बनवून घेतो. तांब्याचंही स्वतःचं काम आहे. कोलॅजेनचे धागे एकमेकांना टाचणारं लायसिल ऑक्सिडेज हे एन्झाइम तांब्याशिवाय चालत नाही.

इथपर्यंत सगळं छान. पण पेशी बशीत होत्या. भाचीच्या पेशी चेहऱ्यावर आहेत आणि वर मृत पेशींचा तेलकट थर आहे. ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) मोठे रेणू तो सहसा आत सोडत नाही. जीएचके-कॉपर जेमतेम ४००चं, म्हणजे आकारात बसतं, पण ते पाण्याचं वेडं आणि विद्युतभारित, त्यामुळे तेलकट दारातून फारच थोडं आत शिरतं. सुरकुत्यांवर थोडा फरक दिसल्याच्या चाचण्या आहेत, पण छोट्या. २००६ मधल्या एका चाचणीत लेझरनंतरचा लालसरपणा याने लवकर गेला नाही. लावणारी मंडळी मात्र आपल्या त्वचेवर जास्त खूश होती! आणि यातलं बरंचसं लिखाण पिकार्टचंच, ज्याने पुढे याच रेणूच्या कंपन्या काढल्या. म्हणून ते खोटं ठरत नाही, पण वाचताना लक्षात असावं.

केसांची बाजू आणखी कच्ची. मेंकेस या जनुकीय आजारात शरीराला तांबं वापरता येत नाही, बाळाचे केस पिळलेले, ठिसूळ होतात. पण म्हणून टक्कल तांब्याअभावी पडतं असं नाही. एएचके-कॉपर या भावंडाने प्रयोगशाळेत केसांची मुळं वाढवली, ती डोक्याबाहेर. केस खरंच विरळ होत असतील तर डॉक्टरांना दाखवून मिनॉक्सिडिल या केसांच्या औषधाचा विचार करा. निळं सीरम त्याच्या जागी नको.

भाचीची खरी चूक वेगळीच होती. ती यावर लगेच व्हिटॅमिन सीचं सीरम लावायची. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, हे आईला सांगावं लागत नाही. आंबटपणा धातूतलं तांबं सोडवतो. इथेही व्हिटॅमिन सीच्या आम्लाने हिस्टिडिनची पकड सुटते आणि मोकळं तांबं व्हिटॅमिन सीलाच खराब करतं. एक सकाळी, एक रात्री, इतकं पुरे. निळा रंग हिरवट-तपकिरी झाला तर बाटली टाकून द्या.

विषबाधेची भीती? एक टक्क्याच्या सीरमचे दहा थेंब म्हणजे अर्धा मिलिलिटर. त्यात तांबं साधारण पाऊण मिलिग्रॅम. प्रौढाला रोज आहारातून ०.९ मिलिग्रॅम लागतंच. सगळंच्या सगळं आत गेलं तरी निरोगी माणसाला ते जड नाही, पण जातं त्यातलं कणभर. पुरळ किंवा आग होऊ शकते, म्हणून आधी कानामागे लावून बघावं. विल्सन्स आजारात तांबं शरीरात साठतं; त्यांनी आणि कर्करोगाचे उपचार घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच. १९७३ च्या निबंधातच हा तुकडा यकृताच्या गाठीच्या पेशीही वाढवतो, अशी नोंद होती.

हा सगळा हिशेब वरून लावण्याचा. सुईने टोचायचं तर त्वचेचा पहारा उरतच नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०२३ मध्ये टोचण्याच्या जीएचके-कॉपरला सुरक्षिततेची शंका असलेल्या यादीत टाकलं होतं. तरी पावडरच्या कुप्या ऑनलाइन मिळतात, अनेकींवर 'फक्त संशोधनासाठी' असं बारीक अक्षरात छापलेलं. भाचीने एक कार्टमध्ये टाकून ठेवली होती. फोटो झूम करून दाखवावा लागला.