नियोजनाचा हिशेब आणि संगणक : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

संगणकाच्या बळावर संपूर्ण अर्थव्यवस्था केंद्रातून चालवता येईल का, हा प्रश्न आज नव्याने विचारला जात असला, तरी त्यामागील वाद ऑस्ट्रियन अर्थतज्ज्ञ लुडविग फॉन मीझेस यांच्या १९२० मधील निबंधापासून चालत आला आहे. उत्पादनसाधने खाजगी मालकीची नसतील तर त्यांची खरेदी-विक्री होणार नाही, विक्री नाही म्हणून किंमत नाही, आणि किंमत नसेल तर पोलाद रुळांसाठी वापरावे की यंत्रांसाठी याचा हिशेबच करता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पोलिश समाजवादी अर्थतज्ज्ञ ऑस्कर लांगे यांनी त्याला उत्तर दिले आणि निधनानंतर, १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात, किमती ठरवणारी मागणी-पुरवठ्याची समीकरणे संगणक सेकंदाच्या आत सोडवील, असे प्रतिपादन केले.

लेनिनग्राडमध्ये गणितज्ञ लिओनिद कांतोरोविच यांनी प्लायवूड उद्योगातील यंत्रांना कामे वाटून देण्याच्या प्रश्नातून १९३९ मध्ये लिनियर प्रोग्रॅमिंगची, म्हणजे मर्यादित साधनांतून जास्तीत जास्त उत्पादन कसे काढावे याच्या गणिताची पद्धत मांडली होती. गंमत अशी, की हे गणित सोडवताना प्रत्येक दुर्मीळ साधनाचे मूल्यही आपोआप हाती येते. म्हणजे बाजार वगळून केलेल्या हिशेबातही किमतीसारखे काहीतरी परत डोकावते, आणि नेमके हेच अनेक सोव्हिएत पंडितांना रुचले नाही.

नियोजनाची ओढ भारतातही होती. मुंबईत १९४४ मध्ये खुद्द उद्योगपतींनीच पंधरा वर्षांची, १०,००० कोटी रुपयांची योजना मांडली होती. पुढे १९६० मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक सुरू झाला. त्याची स्मृती अवघ्या २०४८ ‘शब्दां’ची, म्हणजे साधारण तितकेच आकडे मावतील एवढी. परंतु दुसऱ्या पंचवार्षिक योजनेमागील संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांचे प्रतिमान (अर्थव्यवस्थेचे गणिती मॉडेल) चारच क्षेत्रांचे होते, ते कागदावरही सुटणारे होते. मुंबई विद्यापीठातील अर्थतज्ज्ञ सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी १९५६ मध्ये घेतलेला आक्षेप आकडेमोडीवर नव्हताच. कामावर लावलेल्या मजुरांना आधी धान्य आणि कापड पुरले पाहिजे, हे त्या प्रतिमानात कोठे आहे, असा त्यांचा रोख होता.

अर्थतज्ज्ञ फ्रीडरिख हायेक यांनी १९४५ मध्ये मांडलेला मुद्दा याहून खोल जातो. आवश्यक माहिती एका जागी नसतेच, ती ज्याच्या त्याच्यापाशी विखुरलेली असते. दादरच्या फुलबाजारातला पहाटेचा भाव दुपारपर्यंत टिकत नाही, हे तिथल्या विक्रेत्याला कोणी कळवावे लागत नाही. संगणकशास्त्रज्ञ व्हिक्तर ग्लुश्कोव यांनी १९६० च्या दशकात सोव्हिएत संघासाठी आखलेले देशव्यापी संगणक-जाळे सरकारी खात्यांच्या ओढाताणीत अडकले. पण ते उभे राहिले असते तरी त्यात आकडे भरणारा कारखान्याचा व्यवस्थापक तोच राहिला असता, आणि यंदाच्या उत्पादनावरून पुढच्या वर्षीचे लक्ष्य ठरते हे जाणून त्याने आपली खरी क्षमता लपवलीच असती.